आधी दिशा ठरव, मग गाडी

अगं, तू पाठवलेला बेत नीट वाचला. दहा दिवसांची रजा, पर्थहून वर एक्समथ, तिथून परत येऊन खाली एस्परन्स, आणि जमलंच तर मध्ये वेव्ह रॉक. तुझी हौस बघून मला खरंच बरं वाटलं. पण ताई म्हणून सरळ सांगते, या बेतात तुम्ही दोघी बघणार काहीच नाही, नुसत्या गाडी हाकत राहाल. एक्समथ पर्थपासून साडेबाराशे किलोमीटर. एस्परन्स सातशे, म्हणजे आपला अख्खा समृद्धी महामार्ग. जाऊन-येऊन चार हजारांच्या घरात जातं गं ते.

नकाशावर सगळं जवळ दिसतं, कारण मधे गावांची नावंच नसतात. पर्थ हे किती एकटं शहर आहे ते तिथे राहून पटकन कळत नाही. शेजारचं मोठं शहर अॅडलेड, तेही रस्त्याने सत्तावीसशे किलोमीटरच्या आसपास. पश्चिम ऑस्ट्रेलिया हे राज्य महाराष्ट्राच्या आठपट, माणसं जेमतेम तीस लाख, आणि त्यातली बहुतेक पर्थमध्ये नाहीतर त्याच्या आजूबाजूला. शहर मागे पडलं की दोन पेट्रोलपंपांमध्ये शंभर-शंभर किलोमीटर नुसती झुडपं, आभाळ आणि रस्ता. मला हे फार आवडतं, म्हणूनच तू ते धावतपळत उरकू नयेस असं वाटतं.

तेव्हा एकच दिशा धर. उत्तर की दक्षिण, हे आपण नाही ठरवायचं, ऋतू ठरवतो. आपल्यासारखे तीन ऋतू तिथे नाहीत, आणि चार म्हणणंही तसं अपुरंच. तिथले मूळ रहिवासी नूंगार लोक वर्षाचे सहा ऋतू मोजतात. बिराक, बुनुरू, जेरान, माकुरू, जिल्बा, कंबरांग. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे जिल्बा, थंडी सरत आलेली आणि रानफुलं उमलायला लागलेली. तुझी रजा ऑगस्टच्या शेवटाला आहे ना? मग प्रश्नच मिटला. उत्तरेला जा. दक्षिणेला त्या दिवसांत वारा-पाऊस असतो, दिवस लवकर मावळतो, आणि ओल्या कपड्यांसह व्हॅनमध्ये राहणं म्हणजे काय असतं ते अनुभवण्याची गरज नाही. दक्षिण फेब्रुवारी-मार्चसाठी ठेव. तेव्हा उत्तरेत पाय ठेववत नाही इतकं तापलेलं असतं. आणि एक्समथचा मोह या खेपेला सोड. निंगालूच्या प्रवाळांसाठी आणि व्हेल शार्कसाठी मार्च ते जुलैच्या मधली वेगळी रजा काढ. ते शेपटासारखं मागे लावून घ्यायचं ठिकाण नाही.

आता मी काय करेन ते सांगते. इंडियन ओशन ड्राइव्ह धरून निघायचं. हा किनाऱ्यालगतचा रस्ता २०१० मध्ये पूर्ण झाला, त्याआधी सगळी वाहतूक आतल्या हमरस्त्याने जायची. पहिला मुक्काम सर्व्हांटिस, दोनशे किलोमीटर. तुला वाटेल, एवढंच? हो, एवढंच. पहिल्या दिवशी गाडीची ओळख व्हायची असते, सामान कुठे ठेवलं ते सापडायचं असतं, आणि दुपारी तीनच्या आत तुला पिनॅकल्सला पोचायचं आहे.

पिनॅकल्स म्हणजे पिवळ्या वाळूत उभे असलेले हजारो चुनखडीचे सुळके. समुद्राचे शिंपले भरडून झालेली वाळू, त्यातला चुना पावसाच्या पाण्याने विरघळून खाली पुन्हा गोठला, आणि मग वरची वाळू वाऱ्याने उडून गेली. काही सुळके गुडघ्याएवढे, काही दोन माणसांच्या उंचीचे. दुपारी बाराला ते सपाट आणि रुक्ष दिसतात. चारनंतर प्रत्येकाची सावली लांबायला लागते आणि सगळं मैदान बदलतं. तिथे गाडीतून फिरायचा चार किलोमीटरचा रस्ता आहे, पण तो डांबरी नाही. तुझ्या भाड्याच्या करारात कच्चा रस्ता बसत नसेल तर गाडी वाहनतळावर ठेव आणि पायवाटेने जा. मला विचारशील तर पायी जाणंच चांगलं. एखाद्या सुळक्याजवळ बसून हात लाव, वरचं कवच खरखरीत आणि कडक लागतं, आणि आडवे थर बोटाला कळतात. पिनॅकल्सच्या उद्यानात मुक्काम करता येत नाही, सर्व्हांटिसला परत यावं लागतं, तेव्हा सूर्य टेकायच्या आधीच निघ. का ते पुढे सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाजवळच्या थेटिस तळ्याला एक चक्कर मार. लोक ते सोडून पुढे जातात, तू नको सोडूस. काठाशी उथळ पाण्यात गोल, बसके, राखाडी खडक दिसतील. ते नुसते खडक नाहीत, सूक्ष्म जीवांनी थरावर थर चढवून बांधलेले आहेत. पृथ्वीवरच्या सगळ्यांत जुन्या जीवांचं घर बांधायचं हेच कसब होतं. त्यांच्यावर पाय मात्र देऊ नकोस.

मग जेराल्डटन. गावातल्या टेकडीवर ‘सिडनी’ या युद्धनौकेचं स्मारक आहे, तिथे तासभर तरी दे. १९ नोव्हेंबर १९४१ ला ही नौका याच किनाऱ्यासमोर जर्मन जहाजाशी लढताना बुडाली. वर ६४५ माणसं होती, एकही वाचलं नाही. नौका नेमकी कुठे बुडाली ते कळायला २००८ साल उजाडलं. स्मारकाच्या घुमटात तितकेच, ६४५ पोलादी समुद्रपक्षी जोडलेले आहेत, आणि थोड्या अंतरावर एका बाईचा पुतळा आहे. वाऱ्याने उडू पाहणारी टोपी एका हाताने धरून ती समुद्राकडे बघते आहे. घरचं माणूस बोटीवर गेलेल्या बायका आपल्या कोकणात काय कमी झाल्या? मला तिथून लवकर हलवेना.

जेराल्डटनहून कलबारीला जाताना मुख्य रस्ता सोडून पोर्ट ग्रेगरीकडून जा. तिथे हट लगून लागतं. पाणी खरोखर गुलाबी असतं, फोटोत रंग चढवलेला नसतो. खारट पाण्यात वाढणारं एक शेवाळ स्वतःला उन्हापासून वाचवायला बीटा कॅरोटीन तयार करतं, गाजरात असतं तेच, त्याचा तो रंग. तिथे ते काढण्यासाठी शेतीसारखे वाफेही केलेले आहेत. स्वच्छ उन्हात, सकाळी दहा-अकराच्या सुमाराला रंग सगळ्यांत खुलतो. ढगाळ दिवशी फिका दिसला तर हिरमुसू नकोस.

कलबारीला मात्र दोन रात्री राहा, शक्य असेल तर तीन. मर्चिसन नदीने लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खडकात खोल दरी कोरली आहे. २०२० मध्ये तिथे दरीवर पुढे आलेले दोन सज्जे बांधले, शंभर मीटरवरून खाली बघायचं. ते बघच, पण मला जास्त प्रिय आहे ती ‘नेचर्स विंडो’, खडकाची चौकट आणि तिच्यातून दिसणारं नदीचं वळण. सकाळी लवकर जा, एरवी फोटोसाठी रांग लागते. उन्हाळ्यात या दरीत चाळिशीच्या वर पारा जातो आणि चालायला गेलेल्यांच्या जिवावर बेततं. ऑगस्टमध्ये तसं नाही, तरी माणशी तीन लिटर पाणी पाठीवर हवंच.

कलबारी ते शार्क बे हा टप्पा पावणेचारशे किलोमीटरचा, त्या दिवशी सकाळी सातला गाडी सुरू व्हायला हवी. वाटेत बिलाबाँग आणि ओव्हरलँडर ही रोडहाउस. पंप, चहा, स्वच्छतागृह, बस्स. टाकी अर्धी झाली की भरायची, पुढे स्वस्त मिळेल हा हिशोब तिथे करायचा नाही. शार्क बे १९९१ पासून जागतिक वारशात आहे. मंकी मायाला डॉल्फिन सकाळी किनाऱ्याशी येतात, पण माझं मन रमतं ते शेल बीचवर. तिथे वाळू नाहीच. नखाएवढे पांढरे शिंपले, कित्येक मीटर खोल, दूरवर पसरलेले. आधीच्या काळात ते घट्ट झालेले थर कापून त्याच्या विटा करत, डेनम गावात त्या विटांची इमारत आजही उभी आहे. अनवाणी चालून बघ. टोचतात, आणि चालताना करकर आवाज येतो. या भागात गोडं पाणी जपून वापरावं लागतं, म्हणून टाक्या आधीच भरून घे.

परतीला तीन दिवस हवेत, कारण परत येताना किनाऱ्याने यायचं नाही. जेराल्डटनहून आत मुलेवाकडे वळ. पाऊस बरा झाला असेल तर तिथे एव्हरलास्टिंगची पांढरी, पिवळी, गुलाबी फुलं शेताच्या शेतं भरून असतात. पाकळी बोटांत धरलीस तर कागदासारखी कोरडी लागते, जिवंत फूल आहे यावर विश्वास बसत नाही. आणि पिंडारच्या बाजूला रस्त्याकडेच्या मुरमात ‘रीथ फ्लॉवर’ शोध. मधे हिरवी पानं आणि कडेने गुलाबी-पिवळसर फुलांचं गोल कडं, कुणीतरी जमिनीवर वेणी गोल करून ठेवावी तसं. इतक्या सुपीक जमिनी सोडून ते खणलेल्या मुरमातच उगवतं. गाडी पूर्ण रस्त्याखाली घे, पण फुलांवर नको. आणि एकही फूल तोडू नकोस. रानफुलांना तिथे कायद्याचं संरक्षण आहे, परवान्याशिवाय तोडलीस तर दंड होतो.

दक्षिणेचं आत्ता थोडक्यात. बसल्टनचा १८४१ मीटर लांब लाकडी धक्का, बोरानपचं करी वृक्षांचं रान, केप लुइनचं १८९५ चं दीपगृह, वॉलपोलला चाळीस मीटर उंचीवर झाडांच्या शेंड्यांमधून चालायचा पूल, आणि ऑल्बनी. पर्थपासून फिरून पर्थ, हजार-बाराशे किलोमीटर, आठवड्यात निवांत होतं. एकच गोष्ट आत्ताच मनावर कोर. ऑल्बनीच्या बाजूला समुद्राकाठचे ग्रॅनाइट खडक गुळगुळीत आणि उतरते आहेत, आणि शांत समुद्रातून अचानक एखादी प्रचंड लाट येते. मासे धरायला बसलेली, फोटो काढणारी माणसं तिने नेली आहेत. खडक ओला किंवा काळपट दिसला की समजायचं, लाट इथवर येते. त्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही.

आता गाडीचं. भाडं बघून नको, करार बघून घे. चार गोष्टी शोध. कच्च्या रस्त्यावर विमा लागू आहे का. गावाबाहेर रात्री चालवायला परवानगी आहे का, बऱ्याच करारांत नसते. जनावर आडवं आलं तर कोण भरणार. आणि छप्पर व खालचा भाग विम्यात येतो का, कारण उंच व्हॅनचं छप्पर दुकानाच्या कमानीला लागतं आणि तो खर्च बहुतेकदा आपल्या गळ्यात पडतो. अपघातात आपल्या खिशातून जाणारी रक्कम किती, ते आकड्यात लिहून माग. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा, छपराचा आणि काचांचा व्हिडिओ काढ, तिथल्या माणसासमोर काढ, संकोचू नकोस. झोपायच्या गादीवर दोघी आडव्या होऊन बघा. स्वतंत्र दुसरी बॅटरी आहे का विचार, नाहीतर रात्री फ्रिज चालू ठेवलास की सकाळी गाडी सुरू होत नाही.

चालवण्याचा नियम मी तुझ्यापुरता घालून देते. शार्क बेला जाण्या-येण्याचे दिवस सोडले तर दिवसाला तीनशे किलोमीटर पुरे, आणि पिनॅकल्सचा दिवस सोडला तर चारच्या सुमाराला मुक्कामावर. तिन्हीसांजेला आणि पहाटे कांगारू चरायला रस्त्याकडेला येतात, दिवे बघून बावरतात आणि थेट गाडीसमोर उडी घेतात. समोर आलाच तर ब्रेक दाब, स्टिअरिंग वळवू नकोस. वळवणाऱ्यांच्या गाड्या उलटतात. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असतं, ती चिंता नाही. पण रोड ट्रेन तू पाहिलेली नाहीस. एका ट्रकला तीन-चार डबे, काही ठिकाणी पन्नास मीटरहून लांब. समोरून आली की हवेचा असा धक्का बसतो की उंच व्हॅन हलते, दोन्ही हात चाकावर ठेव. पुढे असेल तर ओलांडायची घाई नको. खास मार्गिका येते, तोवर मागे राहा, नाहीतर थांबून चहा कर. आणि समोरचा चालक चाकावरून एक बोट उचलेल, ते तुला केलेलं रामराम आहे. तूही उचल.

मुक्कामासाठी वाटेल तिथे रस्त्याकडेला गाडी लावून झोपता येत नाही, पालिका दंड करते. चोवीस तास थांबायला परवानगी असलेली विश्रांतीस्थळं असतात, तिथे शौचालय असतं, कधी नसतं. उद्यानातल्या जागा ‘पार्क स्टे’वर आधी राखून ठेवायच्या. तुम्ही दोघीच असल्याने निदान पहिले तीन-चार मुक्काम कॅराव्हॅन पार्कमध्येच करा, असा माझा आग्रह आहे. वीज मिळते, गरम पाण्याची अंघोळ, कपडे धुवायचं यंत्र, शिवाय शेजारी कुणीतरी म्हातारं जोडपं हमखास असतं, ज्यांनी अर्धं राज्य पालथं घातलेलं असतं. त्यांच्याशी बोल. कुठला रस्ता खराब आहे आणि कुठे फुलं आली आहेत हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. निर्जन जागी पोचल्यावर मनाला नाही पटलं, तर कारण शोधत बसू नकोस. उजेड असेपर्यंत पुढच्या गावाला जा. म्हणून तर चारला पोचायचं.

व्हॅनमध्ये शौचपेटी असेल तर ती फक्त डम्प पॉइंटवर रिकामी करायची, रोजच्या रोज, आणि त्यासाठी रबरी हातमोज्यांची जोडी वेगळी ठेव. कुणी हे आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. मासिक पाळीची तारीख बेताशी ताडून बघ. आडरानात कचरापेटी नसते, झाकणाचा एक छोटा डबा आणि जाड पिशव्या जवळ असू दे.

स्वयंपाकाचं तुझं डोकं माझ्याहून चांगलं चालतं, तरी ऐक. तीन लिटरचा कुकर ने, गॅस निम्मा वाचतो. मुगाची खिचडी, मेतकूट-भात, भाजणीचं थालीपीठ, एवढ्यावर आठवडा सुखाने जातो. फोडणी मात्र बाहेर. आत केलीस तर मोहरी-हिंगाचा वास गादीत बसतो आणि गाडी परत करताना सफाईचे पैसे लागतात. दार-खिडक्या बंद करून आत शेगडी तर कधीच पेटवायची नाही, थंडी वाजली म्हणूनही नाही. त्या विषारी वायूला वास नसतो. बहुतेक गावांतल्या बागांत फुकट वापरायचे विजेचे तवे असतात, त्यावर जाड फॉइल अंथरून थालीपिठं छान होतात. आई भारतातून पाठवायचं म्हणते आहे त्यात कढीपत्ता, तूप, पेढे नकोत. मसाले आणि भाजणी आली तर घेऊन येणाऱ्याला विमानतळावरच्या अर्जात स्पष्ट लिहायला सांग. लपवलं तर दंड, सांगितलं तर फार तर काढून घेतील. उघड्यावर शेकोटी किंवा शेगडी पेटवण्याआधी त्या दिवशी आगबंदी आहे का ते ‘इमर्जन्सी डब्ल्यूए’ अॅपवर बघायचं. तो देश आगीने पोळलेला आहे, यात ढिलाई नको.

आणि रोज संध्याकाळी सगळं आवरून किनाऱ्यावर जाऊन बस. सूर्य समुद्रातच बुडतो तिथे, गुहागरला बुडतो तसा. पूर्वेच्या सिडनीकरांना हे मिळत नाही. आपलाच हिंदी महासागर आहे तो, दुसऱ्या काठावरून. तेवढ्यासाठी तरी दुसऱ्या दिवशीचा पल्ला कमी ठेव.

आता तुझं काम. जुना बेत फाड. सर्व्हांटिस, कलबारी आणि डेनमच्या जागा या आठवड्यातच राखून ठेव. रजा सप्टेंबरअखेरपर्यंत पुढे सरकली तर शाळांना सुट्टी लागते आणि काही मिळत नाही. करारावर सही करण्याआधी त्याची पानं मला पाठव, मी वाचून देते. टेल्स्ट्राचं एक कार्ड घे, त्यांचं जाळं सगळ्यांत लांबवर पोचतं, तरी नकाशे फोनमध्ये उतरवून ठेव. रोजचा मुक्काम कागदावर लिहून एक प्रत आईला, एक मला. आणि कलबारीहून शार्क बेकडे निघताना गाडी सुरू करण्याआधी मला फोन कर, कारण मधल्या पट्ट्यात रेंजचा भरवसा नाही. संध्याकाळी डेनमला पोचल्यावर दुसरा.